पुणे ते नागपूर: विमान, समृद्धी की रेल्वे? दारापासून दारापर्यंतचा खरा हिशोब

पुणे ते नागपूर किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशाने जाताय? कारण या एका प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. विमानतळ ते विमानतळ नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण ६०५ किलोमीटर. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करत समृद्धी महामार्गावरून गाडीने गेलात तर ७०० ते ७२०. आणि रेल्वेने ८८० च्या वर. म्हणजे विमान आणि रेल्वे यांच्यातला नुसता फरकच पावणेतीनशे किलोमीटरचा आहे, तेवढ्यात माणूस नागपूरहून जबलपूरला पोचतो.

मी नऊ वर्षं पुण्यात आहे, वाकडला राहतो, आईबाबा नागपुरात प्रतापनगरला आणि सासर कारंजा लाडला, त्यामुळे हा प्रवास मी वर्षातून सहा-सात वेळा तरी करतो आणि सगळ्या प्रकारांनी केलाय, विमानाने, ट्रॅव्हल्सने, स्लीपरने, वंदे भारतने, स्वतःच्या गाडीने. ऑफिसात दर दिवाळीच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच की काय परवडतं, आणि मग जो तो आपापलं सांगतो, विमानवाला म्हणतो दीड तासात घरी, गाडीवाला म्हणतो आता समृद्धी झालाय, आठ तासात टच. दोन्ही आकडे अर्धवट आहेत म्हणून म्हटलं एकदा नीटच लिहून काढू.

आधी विमान, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहे.

तिकिटावर वेळ दिसतो १ तास २० मिनिटं, कधी १ तास ४० सुद्धा. ६०५ किलोमीटरला एवढा वेळ का, जेट विमान तर ताशी ८०० ने जातं, म्हणजे पाऊण तासात व्हायला पाहिजे? तर ते ८०० वरती पोचल्यावर. चढायला पंधरा-वीस मिनिटं, उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि इतक्या छोट्या रूटवर मधला सपाट तुकडा फार थोडा उरतो, पाणी वाटून होईस्तोवर सीटबेल्ट लावा म्हणतात ते याच्यामुळेच. शिवाय विमान नकाशावरच्या रेघेवरून जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी आणि धावपट्टीच्या दिशेने वळसा घेऊन जातं. आणि तिकिटावरचा वेळ हा उडाल्यापासून उतरेपर्यंतचा नसतोच, जागेवरून मागे ढकलल्यापासून ते नागपूरला जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, त्यात विमानाचं जमिनीवरून सरकत धावपट्टीपर्यंत जाणं, रांग सगळं आलं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे प्रवासी विमानांना सोय बघून वेळ मिळते, त्यामुळे दार बंद झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तिथेच उभं राहणं हे मी कित्येकदा अनुभवलंय. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात, म्हणून कधी कधी विमान वेळेच्या आधी पोचतं आणि लोक खूश होतात.

अजून एक गंमत आहे, जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, नागपूर पुण्याच्या पूर्वेला, म्हणजे जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात त्याच उंचीवर वारा उलटा होतो, पूर्वेकडून येतो. इतक्या जवळच्या प्रवासात फरक पाच-सात मिनिटांचाच पडतो, त्यावरून कुणी तिकीट ठरवणार नाही, पण डिसेंबरात दोन वेगळे वेळ दिसले तर छपाईची चूक नाही एवढं लक्षात ठेवा.

आता खरा हिशोब. वाकडहून लोहगाव अंतर बावीस-तेवीस किलोमीटर, पहाटे पाचला निघालात तर चाळीस मिनिटं, संध्याकाळी पाचला निघालात तर दीड तास, आणि पाऊस असेल तर मी दोन तास धरतो. बॅग द्यायची असेल तर काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, त्यामुळे दीड-पावणेदोन तास आधी पोचायलाच लागतं. जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झालंय, जुन्यासारखी दारातच चेंगराचेंगरी आता होत नाही, सिक्युरिटीला वेळ कमी लागतो हे मान्य करायला पाहिजे. मग विमानाचा दीड तास, नागपूरला बॅगची पंधरा-वीस मिनिटं आणि घर. नागपूर विमानतळाचं सुख हे की ते शहराला चिकटूनच आहे, सीताबर्डी आठेक किलोमीटर, प्रतापनगर तर त्याहून जवळ, उतरल्यावर अर्ध्या तासात आईच्या हातचा चहा. वर्धा रोडवर एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे, ते टर्मिनलला लागून नाही, मधे थोडं अंतर आहे, पण सामान कमी असेल आणि ऑटोवाल्याशी घासाघीस नको असेल तर बरं पडतं. पुण्याकडे मेट्रोने येरवडा किंवा रामवाडीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करता येते, कोथरूड-वनाझकडच्या लोकांनी हे खरंच करून बघावं, ती लाइन सरळ वनाझहून रामवाडीला जाते आणि ट्रॅफिकचा प्रश्नच येत नाही.

तर बेरीज काय झाली? खराडी किंवा विमाननगरचा माणूस चार तासात नागपुरात घरी. हिंजवडी-वाकडचा माणूस पाच ते साडेपाच. दीड तास कुणालाच नाही. तरी पाच तास हे बाकी कशाच्याही निम्मे किंवा त्याहून कमी आहेत, हेही खरंच.

पैशाचं बोलायचं तर महिनाभर आधी आणि मधल्या वाराचं काढलं तर मला चार-पाच हजारात मिळालंय, आणि दिवाळीच्या आदल्या शुक्रवारचं तेच तिकीट तेरा हजारांपर्यंत गेलेलं मी बघितलंय. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हाही भाडं चढतं आणि हॉटेलंसुद्धा भरतात. दसऱ्याच्या वेळी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तेव्हा रेल्वेचा विचार करणाऱ्यांनी तर फार आधीपासूनच तयारी ठेवावी.

विमानातलं माझं एक मत पक्कं आहे. सकाळचं पहिलं विमान घ्या. तेच एक विमान दिवसभर चार-पाच शहरं फिरतं, कुठेतरी अर्धा तास उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो दीड-दोन तासांचा होतो, आणि जानेवारीत दिल्लीकडे धुकं पडलं की पुण्याच्या स्वच्छ आकाशाखाली आपण बसून राहतो. इतक्या छोट्या प्रवासात दोन तासांच्या वर उशीर झाला तर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, हा नियम आहे, लोक मागत नाहीत म्हणून मिळत नाही, तर मागा.

आता समृद्धी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला, मग टप्प्याटप्प्याने पुढे आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा उघडल्यावर सगळा ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. पण हा मुंबई–नागपूर रस्ता आहे, पुण्याहून थेट नाही, आणि आठ तासात टच म्हणणारे हीच गोष्ट विसरतात. पुणेकराला आधी संभाजीनगरपर्यंत जावं लागतं, २३५ किलोमीटर, आणि तिथेच सगळी मेख आहे. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, हा पट्टा सकाळी सहाच्या आत ओलांडला तर ठीक, नाहीतर पन्नास किलोमीटरला दोन तास. संभाजीनगरजवळ सावंगीला समृद्धीवर चढेपर्यंत साडेचार-पाच तास जातात. तिथून नागपूर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आणि ते मात्र चार-साडेचार तासात होतं. म्हणजे अर्ध्याहून कमी अंतराला अर्ध्याहून जास्त वेळ. चहापाणी, जेवण, डिझेल-पेट्रोल धरून घर ते घर दहा-अकरा तास. काही जण शिर्डीकडून चढतात, मी एकदा केलं, वेळ तेवढाच लागला, फक्त दर्शन झालं. पुणे–संभाजीनगर द्रुतगती मार्गाच्या घोषणा झाल्या आहेत, तो झाला की हे सगळं गणित बदलेल, पण तिकीट आज काढायचंय.

आधी हाच प्रवास चौदा-पंधरा तासांचा होता आणि तो रस्ता मी बाबांच्या जुन्या गाडीतून केलाय, मेहकर-मालेगावच्या त्या खड्ड्यांतून, त्यामुळे समृद्धीचं मला खरंच कौतुक आहे. पण त्या रस्त्याची भीतीही वाटते आणि ती वाटायलाच पाहिजे. सरळ, सपाट, ना झाड ना गाव ना वळण, वेगमर्यादा १२०, आणि तासाभराने डोळे उघडे असूनही डोकं झोपतं. मला एकदा जालन्याच्या पुढे असं झालं की मागच्या वीसेक किलोमीटरमधलं काहीच आठवेना, बायकोने विचारलं, अहो, आत्ता बोर्ड कुठला गेला, मला सांगता आलं नाही. पुढच्या जागी गाडी थांबवली, तोंड धुतलं, आणि तेव्हापासून नियमच केलाय, दर दीड तासाला उतरायचं, झोप येवो न येवो. टायर हा दुसरा विषय. सिमेंटचा रस्ता, एप्रिल-मेचं विदर्भातलं ऊन आणि तासन्‌तास एकच वेग, यात जुना किंवा जास्त हवा भरलेला टायर फुटतो. निघायच्या आदल्या दिवशी हवा बघा, टायरवरचं उत्पादनाचं वर्षही बघा, पाच वर्षांच्या वर असेल तर त्या टायरवर समृद्धीला जाऊ नका. पंप आणि खाण्याच्या जागा लांब लांब आहेत, टाकी सावंगीच्या आधीच भरून घ्या. दुचाकीला परवानगी नाही, तो विचारच सोडा.

खर्च सांगतो, माझ्या पेट्रोल गाडीचा. पंधरा-सोळाचं ॲव्हरेज, म्हणजे एका बाजूचं साधारण पावणेपाच हजारांचं पेट्रोल. समृद्धीचा टोल कारला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या थोडा वर, सावंगी ते नागपूर नऊशेच्या आसपास, शिवाय अलीकडचे टोल. सहा हजार धरा. एकट्याला विमानापेक्षा महाग, चौघांना माणशी दीड हजार, म्हणजे एसी रेल्वेच्या बरोबरीत. त्यामुळे एकट्याने गाडी काढून जाणं मला कुठल्याच हिशोबात बसत नाही, ना पैशाच्या ना झोपेच्या.

ट्रॅव्हल्सबद्दल थोडं जपून लिहितो. संध्याकाळी बसायचं, सकाळी नागपूर, तेरा-चौदा तास, स्लीपर असेल तर पाठ टेकता येते आणि तिकीट आयत्या वेळीही मिळतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर जी बस पेटली ती नागपूरहून पुण्यालाच येत होती, २५ जण गेले. आमच्याकडच्या पोरापोरींनी भरलेली बस होती ती, कॉलेजला, नोकरीला निघालेली. तेव्हापासून मी बसमध्ये चढलो की आधी संकटकालीन दार कुठे आहे आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का हे बघतो, बर्थवर नंतर जातो. तुम्हीही बघा, लाजू नका, आणि ड्रायव्हर दोन आहेत का हे चढतानाच विचारा. दिवाळीत भाडं तिप्पट होतं. नियमाने खाजगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही, पण एकदा मी हे काउंटरवर बोललो तर मला सरळ सांगितलं की मग एसटीने जा. गेलोही. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट, हे ज्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी विसरू नये.

रेल्वे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे कारण लोक रेल्वेला तासांवरून बाद करतात आणि ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

अंतर जास्त का, ते आधी. पुण्याहून रूळ नागपूरकडे जातच नाही. आधी दौंड, तिथून उत्तरेला वळून अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, आणि मनमाडला मुंबई–हावडा मेन लाइन धरून मग पूर्वेला जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर. नकाशावर बघा, चौकोनाच्या दोन बाजू चालून जाण्यासारखं आहे. पूर्वी दौंडला गाडी उलटी व्हायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, अर्धा तास तिथेच, आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनात न शिरता बाहेरूनच निघतात. दौंड–मनमाड हा पट्टा वर्षानुवर्षं एकेरी, क्रॉसिंगला थांबत थांबत जायचं, दुहेरीकरण चालू आहे, जिथे झालंय तिथे फरक जाणवतो.

रात्रीच्या गाड्यांना चौदा-पंधरा तास लागतात. आझाद हिंद रोज आहे, गरीब रथ ठरावीक वारी, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून येऊन पार गोंदियापर्यंत जाते पण ती रमतगमत. आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत, पुण्याहून सकाळी निघून बारा तासांनी संध्याकाळी अजनीला, म्हणजे नागपुरातल्याच दुसऱ्या स्टेशनला. मंगळवारी पुण्याहून नसते, सोमवारी अजनीहून नसते. नागपूर स्टेशनला जात नाही, अजनीलाच संपते, आमच्या प्रतापनगरला ते उलट जवळ पडतं.

आता नीट बघा. चौदा तास हे दिवसाचे की रात्रीचे? प्रवासाला किती तास लागले यापेक्षा कुठले तास गेले हे जास्त महत्त्वाचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी आझाद हिंदला बसलो, डबा खाल्ला, अकराला मनमाडच्या आसपास झोपलो, सकाळी उठलो तेव्हा बडनेरा गेलेलं, वर्ध्याला चहा, आणि साडेनऊ-दहाला घरी अंघोळ. माझा खरा गेलेला वेळ संध्याकाळचे चार तास आणि सकाळचे तीन. रविवारी रात्री परत बसलो की सोमवारी ऑफिस, जरा उशिराने. उलट वंदे भारत बारा तासांचीच, दोन-तीन तास कमी, पण अख्खा दिवस खाते, सकाळी सहाच्या आधी स्टेशनवर आणि संध्याकाळी साडेसहाला अजनी. दोन दिवसांच्या सुट्टीला ती अजिबात घेऊ नका. बारा तास बसून, झोपायची सोय नाही, माझ्या आईने एकदा केला तो प्रवास आणि उतरली तेव्हा पाय सुजलेले होते. पण शेगाव, अकोला, जळगाव, भुसावळवाल्यांना ती सोन्यासारखी आहे, सकाळी बसा आणि दुपारी शेगावला दर्शनाला, पुण्याहून दिवसाची एवढी चांगली सोय यापूर्वी नव्हती.

भाडं स्लीपरचं पाचशे-साडेपाचशे, थर्ड एसीचं चौदाशे-पंधराशेच्या घरात, वंदे भारतची चेअर कार दोन हजारांच्या वर. अडचण एकच, तिकीट मिळणं. रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. दिवाळीचं तिकीट त्या साठाव्या दिवशी सकाळी आठला बसून काढलं नाही तर वेटिंग, आणि पुणे–नागपूरचं दिवाळीचं वेटिंग मी तरी क्लिअर झालेलं फारसं पाहिलं नाही. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला, ऑनलाइन काढणार असाल तर आधार जोडून ठेवा, ऐनवेळी तिथेच अडतं.

आणि सामान! विमानात साधारण पंधरा किलो चेक-इन आणि सात किलो हातात. आमच्याकडून निघताना आई जे भरून देते ते पंधरा किलोत कधीच बसलेलं नाही, कुरडया, सरगुंडे, तिखट, डाळ, डिसेंबरात संत्र्यांची पिशवी. लोणच्याची बरणी एकदा मी हातातल्या बॅगेत ठेवली आणि सिक्युरिटीवर काढून घेतली, आईने मे महिन्यात तीन दिवस घालून केलेलं कैरीचं लोणचं होतं, ते टेबलावर सोडून पुढे जाताना फार वाईट वाटलं, आईला अजून सांगितलेलं नाही. लोणचं, तूप, तेल हे चेक-इनमध्येच टाका, दोन पिशव्या घट्ट बांधून. रेल्वेत हा विषयच नाही, बर्थखाली चार पिशव्या सरकवा आणि निवांत बसा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. विदर्भातल्या बहुतेकांचं घर नागपुरात नसतंच. सगळे म्हणताना नागपूर म्हणतात, पण जायचं असतं वाशीमला, यवतमाळला, अमरावतीला, अकोल्याला, दारव्ह्याला. आणि पुणे–नागपूर ही सरळ रेघ नकाशावर ओढून बघा, मी ओढली होती, ती वाशीमच्या अगदी डोक्यावरून जाते, लोणारच्या सरोवराजवळून, कारंज्याच्या जवळून, वर्ध्याच्या थोडी वरून. म्हणजे वाशीमचा माणूस विमानाने नागपूरला जातो तेव्हा तो आपल्या गावावरून उडून जातो आणि मग तेवढंच अंतर गाडीने मागे येतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी नेमकं हेच केलं होतं, सासरी कारंज्याला जायला विमानाचं तिकीट काढलं, नागपूरला उतरलो, तिथून टॅक्सी केली दोनशेच्या वर किलोमीटर, घरून निघाल्यापासून नऊ तास लागले आणि पैसे गाडीच्या तिप्पट. आता कारंज्याला गाडीनेच जातो, समृद्धीला कारंज्याजवळच उतरायला मिळतं, साडेसात-आठ तासात दारात.

त्यामुळे माझं सांगणं सरळ आहे. नागपूर शहर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, म्हणजे नागपूर किंवा त्याच्या पलीकडे घर असेल तर विमानाचा विचार करा. वर्ध्याला घर असेल तर रेल्वे थेट गावात सोडते, विमानाने नागपूरला जाऊन पंचाहत्तर किलोमीटर मागे यायची गरज नाही. अकोला, शेगाव, अमरावती असेल तर डोळे मिटून रेल्वे, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरा, दहा किलोमीटर. अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ ला सुरू झालं खरं पण ते मुंबईच्या विमानाने, त्याचा पुणेकराला उपयोग नाही. वाशीम, मेहकर, कारंजा, पुसद असेल तर रस्ता, दुसरं काही नाही. यवतमाळला रेल्वे धामणगावला सोडते, तिथून एसटी, आणि चौघं असाल तर गाडी.

म्हातारी माणसं सोबत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि गुडघे बघून ठरवा. बाबांना आता विमानच. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवायची, विमानतळाच्या दारापासून सीटपर्यंत माणूस नेऊन सोडतो. रेल्वेने नेणार असाल तर ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोन ज्येष्ठच असतील तरच तो पर्याय चालतो, सोबत आपलंही नाव घातलं की कोटा जातो, म्हणून त्यांचं तिकीट वेगळं काढा.

आणि एक प्रसंग असा असतो की तुलना करायला वेळच नसतो. दोन वर्षांपूर्वी रात्री सव्वाअकराला भावाचा फोन आला, बाबांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात आणलंय. मी फोन हातात घेऊन उभा, काय काय आहे ते बघतोय. ट्रॅव्हल्स सगळ्या निघून गेलेल्या. आझाद हिंद गेलेली. गाडी खाली उभी होती, किल्ली घेतलीसुद्धा, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन, जावईबापू, रात्री एकट्याने गाडी काढू नका, ऐका माझं. ऐकलं. पहाटेचं विमान मिळालं, साडेनऊ हजार, रात्रभर जागाच होतो, सकाळी साडेआठच्या आत दवाखान्यात. अँजिओप्लास्टी झाली होती, बाबा पडल्या पडल्या म्हणाले, कायले एवढ्या धावपळीत येऊन राह्यला? रात्री गाडी घेऊन निघालो असतो तर दहाच्या आधी पोचलो नसतो, तेही पोचलो असतो तर. तेव्हापासून फोनमध्ये विमान कंपन्यांची ॲप लॉगिन करून, आईबाबांची, माझी नावं भरून तयार ठेवलीयत, आणि क्रेडिट कार्डावर एका तिकिटाएवढी जागा कायम ठेवतो. घरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाने एवढं करून ठेवावं.

नागपुरात झिरो माईलचा दगड आहे ना, घोड्यांचा, त्याच्याजवळच्या खांबावर गावांची अंतरं कोरलेली आहेत, हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. पुणे त्यात नाहीच. तो बसवला तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होतं, पुण्याशी त्याचा रोजचा काही संबंधच नव्हता, आणि आजही जबलपूर, रायपूर, हैदराबाद तिन्ही नागपूरला पुण्यापेक्षा जवळ आहेत. पोरं मात्र सगळी पुण्यात. म्हणून हा हिशोब आमच्या पिढीलाच पहिल्यांदा एवढा बारकाईने करावा लागतोय.

या दिवाळीचं माझं ठरलंय. बायको आणि मुलगी आधी गाडीने कारंज्याला, मेहुणा न्यायला येतोय. मी आझाद हिंदने वर्ध्याला, तिथे भाऊ घ्यायला येईल. परत येताना आईबाबा आमच्यासोबत येणार आहेत महिनाभर, त्या दोघांचं आणि माझं सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढून झालंय, खिडकी बाबांना. आणि संत्री मेहुण्याच्या गाडीतून येतील.